दोदोल घोटता घोटता वाचलेली पुस्तकं

डिसेंबर लागला की आमच्या वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून धूर आत यायचा, आणि ग्रंथपाल भाऊ खिडकी लावायची सोडून खुर्चीच खिडकीशी ओढून बसायचे. खिडकीच्या पलीकडे बायच्या घरामागचं परडं होतं. बायने नाताळचा दोदोल चुलीवर चढवला म्हणजे त्या दुपारी पुस्तक वाचलं जाणार, हे त्यांना ठाऊक.

बाय म्हणजे आमची ख्रिस्ती शेजारीण. सगळा गाव तिला बायच म्हणायचा. आणि दोदोल ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगते. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ मोठ्या टोपात घालायचा आणि मंद जाळावर घोटत राहायचं. घोटत राहायचं म्हणजे खरंच राहायचं. हात थांबला की तळाला लागला. कडा सोडून तेल सुटेपर्यंत दुपारची संध्याकाळ होते. एकटीचं काम नव्हेच ते, म्हणून आम्ही शेजारणी पाळीपाळीने जायचो.

वाचायची पद्धत कोणी बसून ठरवली नव्हती. एका वर्षी मी वाचनालयातून पुस्तक बदलून तशीच तिच्या परड्यात शिरले. बाय म्हणाली, "पिशयेत घालून कित्याक फिरतंस तां? वाच मोठ्यान. नायतर माका हयच झोप येतली."

माझी शाळा चौथीत सुटलेली. मनातल्या मनात वाचायची सवय मी पुढे माझी मीच लावून घेतली होती, पण मोठ्याने, चार माणसांत, कधी वाचलं नव्हतं. जोडाक्षर आलं की मी अडायची, मागे जायची, परत धरायची. बायला अक्षरओळख नव्हती, ती शाळेची पायरी कधी चढलीच नव्हती. तिला वाटलं वाचतात ते असंच. म्हणाली, "बरा थांबतंस गो तू. जीव टांगणीक लागता." मी तिचा समज तसाच ठेवला. पुढे वाचत गेले, आणि खरं सांगते, वाचायला मी त्या चुलीपाशी शिकले.

मग मासे विकणारी काकी आली, मागच्या आळीतल्या गुरुजींची बायको आली. नियम आपोआप पडला. कालथा सोडला की पुस्तक हातात घ्यायचं आणि पुस्तक सोडलं की कालथा. बाय तेवढी नुसती घोटायची आणि ऐकायची. काकी वाचायला लागली की भरभर, एका दमात. बाय तिला टोकायची, "अगो, ती बाई मरता हा थंय, आणि तू बांगडे विकल्यासारख्या वाचतंस."

काकी म्हणायची, "मरतली ती मरतलीच. तुझो दोदोल तोवर करपात."

धड्याचं पुस्तक नाही की पोथी नाही, कादंबऱ्याच वाचायचो, जाडजूड. दोदोलाच्या दुपारी सुरू व्हायची, मग नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरायच्या दिवशी पुढे, मग नाताळचे गोड कुलकुल वळताना पुढे. गावची जत्रा आली की तेवढे दिवस खंड. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाय पहिलं ताट खिडकीतून वाचनालयात द्यायची आणि भाऊ आतल्या बाजूने कागदी चांदणी टांगायचे. उरलेली पानं संक्रांतीला माझ्या पडवीत, तिळाचे लाडू वळताना. तेव्हा बाय माझ्याकडे यायची, गरम पाकाने बोटं पोळून घ्यायची आणि शेवटच्या पानापर्यंत उठायची नाही.

आम्ही बाकीच्या वर्षभर कधीही पुस्तक आणून वाचू शकत होतो. बायला वर्षाला एकच पुस्तक मिळायचं, आणि ते असं.

जुनी जागा कौलारू होती. पावसात भिंतीला ओल यायची, खालच्या कप्प्यात वाळवी लागली होती. शेवटी सभा झाली. सभेत आमचे सगळे लोक शुद्ध बोलायला लागतात. घरी 'खंय गेल्लंस' म्हणणारा माणूस तिथे 'माझे असे नम्र मत आहे' म्हणतो. रस्त्याकडेला नवीन इमारत घ्यायची, असं मत पडलं. बाय सभासद नव्हती, तरी आली होती, मागे उभी होती. तिने हात वर केला आणि आपल्याच बोलीत म्हणाली, "न्हेया पुस्तकां. माझ्या धुराचो वास मारतत ती. सुकी रवली तर पोरांक होतली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात.

आता कोणावर रागवायचं? नवीन जागा चांगलीच आहे. पुस्तकं कोरडी आहेत, लाद्या स्वच्छ आहेत, मुलांना बसायला बाकं आहेत. एक खिडकी जाईल आणि तिच्याबरोबर काय काय जाईल, हे तेव्हा ना मला सुचलं, ना बायला.

कार्यकारिणीने मनापासून केलं, तेही सांगायला हवं. पहिल्याच नाताळात त्यांनी कार्यक्रम ठेवला, दोदोल आणि वाचन. पुस्तकांजवळ चूल नको, हे मलाही पटलं. मग दोदोल बाजारातून खोक्यांतून आणला. खुर्च्या मांडल्या, माइक लावला. गुरुजींच्या बायकोने वाचलं, फार छान वाचलं, कुठे अडली नाही. बायला मान देऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं. ठेवणीतली साडी नेसून आली होती ती. मी बाजूलाच होते. तिचे हात सारखे मांडीवर काहीतरी शोधत होते. पदराचं टोक वळ, सोड, परत वळ.

घरी येताना मी विचारलं, "बरा वाचल्यान ना?"

"बरा वाचल्यान. पण काय वाचल्यान ता माका विचारू नको. हात रिकामे आसले की कान लागना नाय गो माझो."

मी हसले. ती हसली नाही.

पुढच्या वर्षी मी ठरवलं, परड्यातच करायचं, पूर्वीसारखं. काकी नातवंड सांभाळायला मुंबईला गेलेली. गुरुजींच्या बायकोने, आता एवढा हॉल असताना धुरात कशाला, असं विचारलं. बरोबरच विचारलं. राहिलो आम्ही दोघी. टोप लहान घेतला. मी पुस्तक आणलं दोन भावांचं. भाऊ वेगळे होतात आणि विहिरीच्याही मधोमध भिंत घालतात, अशी सुरुवात. बायला ते एकदम लागलं.

पण दोघींत कसं जमणार ते? बाय घोटते तोवर मी वाचायची. तिचा खांदा भरून आला की मी कालथा घ्यायची, आणि पुस्तक बाजूच्या दगडावर पालथं. वाचणार कोण? तेवढ्या वेळात बाय स्वतःच पुढचं सांगायची. "धाकट्याची बायल हुशार आसा. ती भिंतीक भोक पाडतली बघ." मी म्हणायची, "तुका काय म्हायत?" "माका म्हायत नसात तर कोणाक? मी सासरी इलंय तेवा आमचीय विहीर वाटलेली."

मग मी परत पुस्तक उचलायची. त्या अदलाबदलीत एकदा कालथा जरा जास्त थांबला आणि तळ लागला. करपल्याचा वास आला. बायने टोप उतरवला. म्हणाली, "रवांदे. उरलेला संक्रांतीक वाच."

संक्रांतीच्या आधीच तिची मुलगी येऊन तिला म्हापशाला घेऊन गेली. खांदा उचलत नव्हता, एकटीला ठेवायची सोय नव्हती. जाताना बायने मला अंगणातून हाक मारून सांगितलं, विहीर वाचून संपवू नको म्हणून.

मी संपवली. एका दुपारी, वाऱ्याला बसून, एकटीने. पुस्तक घरात पडलेलं, किती दिवस बघत राहणार? थांबले असते तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं.

मधे तिचा फोन आला. मुलीचा फ्लॅट आहे, स्वयंपाकघरात तिला कोणी हात लावू देत नाही, दोदोल दुकानातून आणतात, असं सगळं सांगितलं. मी म्हटलं, फोनवरून वाचून दाखवू? म्हणाली, नको, फोन धरून कान तापतो, आणि मुलगी म्हणते किती वेळ बोलतेस. मग विचारलंन, "विहिरीचा काय झाला, ता तरी सांग."

माझ्याकडे तेव्हा भात चुलीवर होता आणि दारात माणूस उभा होता. मी घाईघाईत सांगून टाकलं. थोरला वारला, त्याच्या बायकोने भिंत पाडायला सांगितली, मग दोन्ही घरं एकाच दोराने पाणी काढायला लागली.

बायने विचारलं,

"इतक्याच?"

"इतक्याच."

"पुस्तक तर जाडा होता गो," ती म्हणाली.

होतं जाडं. मी भात उतरवते म्हटलं, आणि तिने, उतर, करपात, म्हणून फोन ठेवला.