सोनलचा आवाज फक्त शेडमध्ये येतो

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलो. आमच्या घरी असल्या गोष्टींना थाराच नव्हता. बाबांनी अंगारा, ताईत, नजर उतरवणं, काहीच उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही आणि मीही त्याच तालमीत वाढलो. आजसुद्धा मी भुताची गोष्ट सांगत नाहीये. सोनल जिवंत आहे. म्हणूनच तर डोकं चालेनासं झालंय...

मी मयूर, जबलपूरला अधारतालमध्ये राहतो. सोनल आमच्याच गल्लीतली, शाळेपासूनची मैत्रीण. तिला लहानपणापासून शुगर, रोज इन्सुलिन. तिसरा आमचा दोस्त विक्की, मेटल बँडमध्ये गिटार वाजवतो. इथे मेटल ऐकणारे मोजकेच, त्यामुळे शो असला की आम्हीच एकमेकांना फोन करून गर्दी जमवतो. मागच्या हिवाळ्यात रिछाईत एका बंद कारखान्याची शेड मिळाली. जेवणवेळेच्या आत सगळं आवरा, अशी मालकाची अट होती, म्हणून संध्याकाळीच सुरू केलं.

सोनलने बाहेरच्या ठेल्यावर मोमोज सांगितले आणि सवयीने आधी इन्सुलिन टोचून घेतलं. तेवढ्यात आत विक्कीचा बँड सुरू झाला.

"पहिले खाऊन तर घे," मी म्हटलं.

"मोमोज कुठं पळून राहिले का? एक गाणं ऐकू न, मग खाते." आणि माझ्याआधी ती आत.

मी थेट स्टेजपाशी गेलो, ती मागे राहिली. एकाची चार गाणी झाली, तेव्हा वळून पाहिलं तर तिचं डोकं जोरजोरात हलत होतं, केस सगळे तोंडावर. मेटलच्या शोमध्ये लोक दुसरं काय करतात? आजूबाजूच्या पोरांनी आमच्या रिवाजाप्रमाणे मागे सरून तिला जागा करून दिली, शिट्ट्या मारल्या. मीही हात वर करून दाद दिली. पोटात काही नसताना घेतलेल्या इन्सुलिनने साखर उतरून तिला झटके येत होते, आणि आम्ही सगळे खूश होऊन बघत होतो.

कोणी पडलं तर शेजारच्याने लगेच उचलायचं, हा आमच्यातला पक्का नियम. पण ती मागच्या मागे, भिंतीजवळच्या रिकाम्या स्पीकरपेट्यांच्या आड कोसळली. बघणाऱ्यांना वाटलं, दमली, बाजूला गेली.

आणि मग भर गाण्यात मला तिचा आवाज आला. माझ्या कानात बोळे होते, ड्रम छातीत वाजत होता, स्वतःची किंकाळी ऐकू आली नसती... आणि हा आवाज मात्र अगदी साधा, स्वयंपाकघरात बसून बोलावं तसा.

"मयूर, मी पेट्यांच्या मांगं आहो."

मी लोकांना ढकलत धावलो. ती तिथेच होती. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. कोल्ड्रिंकचा एक थेंब आत जाईना. विक्कीने गिटार टाकून गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना मी आवाजाचं सांगितलं, तर ते म्हणाले, "बोलने की हालत में वो थी ही नहीं, बेटा. किसी और ने पुकारा होगा."

सोनल वाचली. पण मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नव्हती. तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही. भरवलं की खाते, बसवलं की बसते. मी समोर बसून तिला हाका मारतो, ती भिंतीकडे बघत राहते. मला तिथे रडू आवरत नाही.

काही महिन्यांनी विक्कीच्या बँडने त्याच शेडमध्ये सराव सुरू केला. मी सहज गेलो होतो. गाणं टिपेला पोचलं आणि सोनल तिकडे घरी असताना तिचा तोच साधा आवाज पुन्हा आला. तेव्हापासून मी रोज जातो. बँडच्या पोरांना काहीच ऐकू येत नाही. मी त्यांच्या हातापाया पडून आवाज अजून वाढवायला लावतो. कानाच्या डॉक्टरांनी बजावलंय की असंच चाललं तर ऐकू येणं जाईल. मग ती कोणाशी बोलणार?

परवा सोनलच्या आईला, काकूंना, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्या आल्या. पदराने कान झाकून ॲम्पलिफायरजवळ बसून राहिल्या. त्यांना काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणते रे ती?"

मला खोटं बोलता आलं नाही. "घरी केव्हा नेता, विचारून राहिली."

काकू उठल्या. पेट्या होत्या त्या कोपऱ्यात जाऊन हळूच म्हणाल्या, "चाल, सोनू." ऑटोत बसताना एका अंगाला सरकून त्यांनी शेजारी जागा ठेवली. अधारतालपर्यंत त्यांचा हात त्या रिकाम्या जागेवर होता. घरी सोनल होती तशीच खुर्चीत बसलेली. काकूंनी तिच्या डोळ्यांत कितीतरी वेळ पाहिलं, मग चहा ठेवायला आत गेल्या.

याचा अर्थ मला लागत नाही. माझं डोकं फिरलंय म्हणाल तर तेही मान्य करीन, फक्त काहीतरी सांगा. कारण काल मी पुन्हा शेडमध्ये गेलो होतो, आणि गाणं वर चढताच ती रडत म्हणाली, "आई आली होती न? मग मले काहून नाही नेलं?"