एका फीमध्ये अख्खं मंडळ

हे सांगायचं मी काही वर्षं टाळलं. गिरगावातल्या आमच्या भजनी मंडळाच्या पखवाजवाल्याने टाळेबंदीत ऑनलाइन धडे सुरू केले, माफक फी ठेवून. फी मी एकट्याने भरली आणि प्रत्येक धडा रेकॉर्ड करून मंडळातल्या बाकी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट पाठवला. चाळीत एक पेपर चार घरं वाचतात, तसंच हे, असं मला वाटलं.

महिन्याभराने तो म्हणाला, "काका, तुमच्याशिवाय कुणीच आलं नाही. इतकं वाईट शिकवतो का हो मी?"

"लोकांना वेळ कुठे असतो रे," मी म्हणालो.

त्याने शिकवणंच सोडलं. पुढे तो आमची चाळ सोडून निघाला, तेव्हा मी त्याचं सामान उचलू लागलो. "अरे, सगळेच तुझ्याकडून शिकत होते, मला माफ कर," एवढं मात्र माझ्याच्याने बोलवलं नाही.