‘कुठलंही चालेल’ म्हणणारा सहदेव

डोंबिवलीतली केमिकल कंपनी बंद पडली तेव्हा ठाण्याजवळच्या बाळकुमचा सहदेव चाळिशीला टेकला होता. कंपनीच्या प्रयोगशाळेत रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे तो नुसत्या नजरेनं सांगे. नोकरी सुटल्यावर मात्र जिथे जाईल तिथे एकच पालुपद, “साहेब, कायपन काम चालंल.” सगळे साहेब एकाच शाळेत शिकलेले असावेत. ‘कळवू’ म्हणत आणि कळवत नसत.

शेवटी बायकोच्या, तुळसाच्या आग्रहानं तो ठाण्यात दातारबाईंच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागला. साल १९९६. फंक्शनल प्रोग्रॅमिंग हे बाईंचं वेड. फंक्शन, म्हणजे एक काम करणारा प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, काय घेणार आणि काय देणार, हे आधी पहिल्या ओळीत कबूल करायचं, मग खाली काम लिहायचं. सहदेवनं बेरजेचं फंक्शन लिहिलं आणि वर ऐटीत कबूल केलं, कुठल्याही प्रकारची वस्तू चालेल. मशीननं ते फेटाळलं. त्यानं खालचं काम चार वेळा बदललं, वरची ओळ काही सोडली नाही.

“अहो सहदेव, उद्या कुणी नाव दिलं, यादी दिली, तर बेरीज कशाची करणार?” बाई म्हणाल्या. “वर म्हणता कुठलंही, आत तुम्हाला आकडाच लागतो. आणि खरंच कुठलंही घ्यायचं, तर त्याचं काही करता येत नाही. आलं तसं पुढे सरकवायचं, बस.”

त्यानं ‘कुठलंही’ खोडून ‘आकडा’ लिहिलं. प्रोग्रॅम चालला. सहदेवला मात्र आनंद झाला नाही, उलट मेल्याहून मेल्यासारखं झालं; साहेबांपुढे इतके दिवस तो हेच ‘कुठलंही’ म्हणत आला होता.

बाईंच्या ओळखीनं एका कंपनीत मुलाखत ठरली. तुळसानं तर शेजारणींना सांगूनही टाकलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, “काय येतं तुम्हाला?” पालुपद जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

“रंग पारखता येतो. त्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम लिहीन. बाकी अजून कच्चं आहे.”

साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. “रंगाचं काम आमच्याकडे नाही हो,” ते हळू आवाजात म्हणाले.

घरी तुळसा वाटच पाहत होती. “कळवतो बोलले?”

“नाय. नको बोलले.”

“मग कायपन चालंल असं का नाय बोललात?”

“आजपर्यंत कायपन चालंल बोलनाऱ्या कुनालातरी टाळत होते गं,” सहदेव म्हणाला. “आज काय येतं ते ऐकून मला नको बोलले.” आणि कंपनी बंद पडल्यापासून पहिल्यांदाच तो रडला.