बंद घरांची हजेरी

स्पेनमधल्या त्या डोंगराळ खेड्यात मी गावाचा इतिहास विचारला, तर सरपंचबाई म्हणाल्या, "रविवारी चावडीवर या."

रविवारी घंटा वाजली, उरलीसुरली नऊ माणसं जमली. बाईंनी जुन्या वहीतून प्रत्येक घराची हजेरी घेतली. बंद घराचं नाव आलं की त्याचा शेजारी ठणकावून सांगायचा, "आहेत!"

मी हळूच म्हटलं, "पण ते तर केव्हाच शहरात गेले ना?"

बाजूचे आजोबा चिडलेच. "गेले म्हणून काय झालं? त्यांची कौलं दरवर्षी मीच शाकारतो."

सनावळ्या लिहायला काढलेली वही मी पिशवीत टाकली.

आमच्या गावच्या घरालाही कुलूप लागून बरीच वर्षं झाली. संध्याकाळी तिथल्या शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कालच तुमचं अंगण झाडलं गं."