बियाण्याची नागली
तव्यावर नागली भाजल्याचा वास आला की सूर्यमाळचं आमचं घर आठवतं. बहीण बाळंतपणानंतर सुकत चालली होती, अन्न नको म्हणायची. आईने चुलीवर धुरात टांगलेली बियाण्याची कणसं उतरवली. "आये, मग पेरशील काय?" बहिणीने विचारलं. "आधी तू ऊठ, मग बघू." मी, घरातला शहाणा, जव्हारहून आणलेली टॉनिकची बाटली मिरवत उभा होतो. बहिणीने ती बाजूला सारली आणि वाटीभर त्याच नागलीची पेज पिऊन हसली. पण आठवड्याभरात ती देवाघरी गेली. पेरणीच्या वेळी शेजारीण पदरात बी घेऊन आली. आई म्हणाली, "ने परत. खाणारी गेली." आमच्या माळावर नागली पुन्हा झाली नाही. आता रक्तातली साखर वाढल्यावर मी बाजारच्या नागलीची भाकरी खातो. अर्धी ताटात तशीच सोडून उठतो, आणि बायकोला वाटतं, मी नखरे करतोय.