परत आलेला नारळ

“तिकडचा समुद्र देखणा आसा, पण तो कोणाचा काय घेत नाय,” गुणाजी कुबल एकदा जिन्यात म्हणाले होते.

सिडनीहून परतल्यापासून घाटकोपरच्या त्या एका खोलीत ते जागेवर टिकत नव्हते. खुर्चीतून उठायचे, गॅलरीत जायचे, काही न बघता परत यायचे. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वाढलेला हा माणूस. मुंबईत गिरणीला लागला, ती बंद पडली तेव्हा साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहिला आणि म्हातारा होईपर्यंत उभाच राहिला. गाव सुटलं, भाषा अर्धी सुटली, एक गोष्ट सुटली नाही. नारळी पौर्णिमेला ट्रॉम्बेच्या धक्क्यावर जाऊन समुद्राला नारळ द्यायचा. बाप होडीवर जायचा तेव्हा आई द्यायची. समुद्राने नारळ ठेवून घेतला की माणूस घरी येतो, एवढंच त्यांना ठाऊक. मुलगा नितेश सिडनीला गेल्यापासून नारळ नितेशच्या नावाचा.

आता नितेशला आईवडील कायमचे तिकडे हवे होते. खोली विकायची. गिऱ्हाईक तयार होतं, गुणाजींचा होकार तेवढा बाकी होता. तो आज संध्याकाळी फोनवर द्यायचा होता. खोल्यांचे व्यवहार करणारा शेजारचा हर्षद पेढे घेऊनच आला होता, आणि सौदा ठरल्यावर फोडायचा नारळही.

“काका, नशीब काढलंत यार! सांगा ना, सिडनी कशी आहे?”

“स्वच्छ आहे.”

“अवो, नीट सांगा की,” गुणाजींच्या पत्नी सुलक्षणाकाकू म्हणाल्या.

गुणाजी सांगू लागले. किनाऱ्यावर बाकं आहेत, त्यांवर मेलेल्या माणसांची नावं. बसावं की नाही कळत नाही, म्हणून आपण उभेच राहायचो. श्रावणात थंडी. एवढा समुद्र, पण माशांचा वास नाही. कुत्री फिरवणारे लोक हसतात आणि पुढे जातात. हसतात, पुढे जातात. एवढं बोलून ते पुन्हा गॅलरीत गेले.

“नारळाचं मी सांगते,” काकूंना हसू आवरेना. “पुनवेला ह्यांनी नारळ सोडला पाण्यात. तिथे एक गोरा पोरगा लाटांवर फळी घेऊन खेळत होता. त्याला वाटलं, आजोबांचा पडला. पोहत गेला आणि आणून हातात दिला! ह्यांनी परत सोडला. तो परत घेऊन आला!”

“मग?”

“मग नितेश म्हणाला, पुरे बाबा, लोक बघतायत. घरी नेला. त्याचाच नारळीभात केला मी. नितेशने दोनदा घेतला.”

“म्हणजे समुद्राचा नारळ तुम्हीच खाल्लात? वाट लागली!” हर्षद मांडीवर थाप मारून हसला.

“हे त्याला शिवले पण नाय,” काकू म्हणाल्या.

गॅलरीतली पाठ हलली नाही.

फोन वाजला. काकूंनी तो पेढ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर नितेश, मागे खिडकी, खिडकीत काळोख.

“बाबा, ठरलं ना?”

गुणाजी आत आले, फोनसमोर वाकले. मुलाचा चेहरा नीट बघितला.

“नितू, तू कधी येशील रे?”

“मी?” नितेश हसला. “तुम्हीच येताय ना आता बाबा. मग मी कशाला येऊ तिकडे?”

हर्षदने डबा उघडला. काकू पदराने डोळे टिपत होत्या, आनंदानेच. गुणाजींनी डब्याशेजारचा नारळ उचलला, कानाशी धरून हलवला. आतलं पाणी वाजलं. त्यांनी दारातल्या चपला पायांत सरकवल्या.

“काका, तो सौद्याचा आहे!”

“अवो, खंय चाललात? तो बोलतोय!”

“धक्क्यावर,” म्हणत नारळ छातीशी धरून ते जिना उतरू लागले.