नामदेवरावांच्या आज्याचा पोशाख

फोटो स्टुडिओत काम करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. माणूस खुर्चीत बसला, त्यानं केसांवरून हात फिरवला, की किस्सा सुरू! मी बुलढाण्याला दत्ताभाऊंच्या हाताखाली लागलो तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. फोटो म्हणजे जन्मात एक-दोनदा करायची गोष्ट. फोटो धुणं-वाळवणं मी दत्ताभाऊंकडून शिकलो, आणि माणसांची गंमत करूनही त्यांचा मान कसा ठेवायचा तेही. पुढं माझं घर चाललं ते त्या माणसाच्या पुण्याईवर. त्यामुळं त्यांचा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो, सांभाळून घ्या.

*

स्टुडिओत एक काळा कोट होता. शेजारच्या रहीमचाचा टेलरनं शिवलेला. गिऱ्हाईक बारीक असलं की पाठीमागं टाचण्या लावायच्या, जाड असलं की पाठीची शिवण उसवून नाड्या बांधायच्या. समोरून दिसायला एकदम साहेब! आसपासच्या गावांतले सगळे लग्नाळू याच कोटातल्या फोटोतून मुलीकडच्यांपर्यंत पोचायचे.

एकदा मोताळ्याकडचा एक मुलीचा बाप दोन स्थळांचे फोटो घेऊन आला. दोन्ही फोटो आमचेच. म्हणाला, "भाऊ, तुमी या पोरायले पाह्यलं असन. कोणतं स्थळ बरं वाटते?"

दत्ताभाऊ काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर खुंटीवर गेली. त्यानं कोट पाहिला. मग एक फोटो पाहिला. मग दुसरा. पुन्हा कोट.

"मंग या कोटालेच देऊन टाकतो ना पोरगी!"

*

दत्ताभाऊंचा हात रिटचिंगमध्ये भारी. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग असे घालवत की माणूस स्वतःलाच ओळखत नसे. देवीचे वण असलेला एक गृहस्थ येऊन गेला. त्याचा चेहरा भाऊंनी पाटीसारखा गुळगुळीत करून दिला, आणि वर स्वतःवरच खूश!

चार दिवसांनी त्याची बायको फोटो घेऊन दारात उभी. फोटो हातात, पण डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला.

"काय झालं बाई? फोटो चांगला नाही आला काय?"

"चांगला आला. पण हा कोण माणूस हाये मले काय मालूम? याच्यासमोर मले पदर घ्या लागते. माह्या माणसाचे वण वापस द्या!"

भाऊंनी दुसरा फोटो काढून दिला, वणांसकट. तेव्हापासून ते पेन्सिल उचलायच्या आधी घरच्यांना विचारायला लागले. या सवयीनं पुढं एक लग्न वाचवलं. ऐका आता.

*

धामणगाव बढ्याचे नामदेवराव. भाजीपाल्याची बागाईत, सरळ माणूस. एके दिवशी ते धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तसबीर घेऊन आले. आत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, चहाच्या रंगाचा जुना फोटो. थेट व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला.

"हा माह्या बापाचा बाप. गावात कोणी गोरा फोटोवाला आलता म्हणे, तवाचा हाये."

फोटोत एक जवान माणूस ताठ उभा. पण अंगावर काय, ते कळेना! खांद्यांपासून पोटरीपर्यंत भरजरी, आरसे लावलेलं कापड, काठाला गोंडे. बाह्या नाहीत, गळा नाही. हातात मुकुटासारखं काहीतरी. आणि त्याच्या मागं, एका बाजूला, धुराचा लोट असावा तसा मोठा पांढुरका डाग.

साखरखेर्ड्याचे किसनराव आपल्या मुलासाठी नामदेवरावांच्या शांताला बघायला आले होते. पोरगी पसंत पडली, घर पसंत पडलं, आणि चहा पिता पिता त्यांची नजर भिंतीवर गेली. कोणीतरी कुजबुजलं, आजा सोंगाड्या होता वाटतं, गावोगाव नाचत असेल. सोंगाड्या असता तरी काय बिघडलं असतं? पण तेव्हा बिघडत असे. किसनराव जाताना सांगून गेले, "हा पोशाख कशाचा ते आधी सांगा. मग सुपारी फोडू."

नामदेवरावांनी तसबीर भाऊंपुढं सरकवली. "पोरीचं हसू बंद झालं भाऊ. तुमी फोटोतले जाणकार. काही तरी छडा लावा."

दत्ताभाऊंनी शब्द दिला. मग भिंग लावून डागाकडं पाहिलं. "मोठी कॉपी करतो, तवा हा डाग काढून टाकू काय?"

"सध्या राहू द्या. मायले विचारून सांगतो," नामदेवराव म्हणाले.

*

मग आमच्या बाकड्यावर रोज कोर्ट भरायला लागलं.

पहिली साक्ष हायस्कुलातल्या इतिहासाच्या मास्तरांची. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडाला धरला आणि निकाल दिला: "हा कुठला तरी राजा आहे. मुकुट डोक्यावर नाही, हातात आहे. म्हणजे इंग्रजांपुढे शरणागती! आणि मागे धूर दिसतो ना? तो तोफेचा."

"सर, धामणगाव बढ्याले तोफ कोठी आली?" मी विचारलं.

"इतिहासात सगळं सापडत नसतं," मास्तर म्हणाले.

रहीमचाचानं फोटोवर मेजरटेप ठेवला. बराच वेळ मापं घेतली. "बाह्या नाही, गला नाही, घेरच घेर. हा मेमसाबचा घागरा हाये. यानं खांद्यावर टाकला."

नामदेवराव नेमके तेव्हाच दारात आले होते. त्यांनी घाईघाईनं फोटो पालथा केला. "चाचा, हे साखरखेर्ड्याले सांगू नका बाप्पा!"

*

तरी दत्ताभाऊंनी हार मानली नाही. ते म्हणाले, "कापड अंगावर कसं पडते ते पाहू." मागचा पडदा काढला, त्यावर कारंजं आणि राजहंस रंगवलेले, आणि माझ्या खांद्यांवर टाकला. हातात पुठ्ठ्याचा मुकुट दिला. मी ताठ उभा राहिलो. रहीमचाचा टाचण्या लावताहेत, मास्तर "हनुवटी वर, तू हरलेला राजा आहेस" म्हणताहेत, आणि दारात किसनराव! बाजाराला आले होते, छडा कुठवर आला ते बघायला डोकावले.

त्यांनी मला राजहंसासकट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे सोंगं काढायचं अजून चालूच हाय!" म्हणाले, आणि गेले.

त्या संध्याकाळी कोणी चहासुद्धा प्यायला नाही. आपल्या हातानं आपण एका पोरीचं लग्न मोडलं, असंच वाटत होतं.

*

आणि पोळा आला. जवळच्या खेड्यातला तुकाराम नावाचा शेतकरी सजवलेला बैल घेऊन स्टुडिओसमोर हजर. "याचा फोटो काढा भाऊ. म्हातारा झाला, पुढच्या पोळ्याले असन का नाही."

अंगणात कॅमेरा मांडला. दत्ताभाऊ काळ्या कापडात डोकं घालून काचेवर बघायला लागले. भुरभुर पाऊस, चिखल, आणि बैल काही जागचा स्थिर राहीना. त्यानं अंग झटकलं तशी पाठीवरची झूल घसरली. आरशांची झूल चिखलात पडू नये म्हणून तुकारामानं ती ओढून स्वतःच्या खांद्यावर टाकली. शिंगांवरचं बाशिंग सुटत होतं, ते हातात घेतलं आणि ताठ उभा राहिला. "थांबा भाऊ, शांत होऊ द्या त्याले."

काळ्या कापडातून भाऊ बाहेरच येईनात. आतूनच ओरडले, "अरे, नामदेवरावाचा आजा!"

आम्ही बघितलं. खांद्यावरून पोटरीपर्यंत झूल, काठाला गोंडे, हातात मुकुट! आम्ही सगळे पोळा बघत वाढलेली माणसं. पण झूल बैलाच्या पाठीवर पाहायची सवय. माणसाच्या अंगावर ती आली तर आम्हाला राजा दिसला, मेमसाहेब दिसली, झूल दिसली नाही. रहीमचाचा हळूच म्हणाले, "माप बैलाचं होतं बे."

फोटो धुतला. पावसाळी उजेड कमी, म्हणून भाऊंनी लेन्स जरा जास्त वेळ उघडी ठेवली होती. तुकाराम स्वच्छ आला होता. आणि त्याच्या मागं, जिथं बैल मान हलवत होता, तिथं नुसता पांढुरका धूर.

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. मग भाऊंनी पेन्सिल उचलून पेटीत टाकली आणि पेटी बंद केली.

त्या अनोळखी फोटोवाल्याचे मी आजही मनात आभार मानतो. बैल हलला म्हणून त्यानं निगेटिव्हची काच फेकून दिली नाही.

*

दत्ताभाऊ आणि मी दोन्ही फोटो घेऊन धामणगाव बढ्याला गेलो. नामदेवरावांनी हातापाया पडून किसनरावांना बोलावून घेतलं होतं. भाऊंनी सगळं सांगितलं: तेव्हाच्या कॅमेऱ्यापुढं बराच वेळ निश्चल उभं राहावं लागे. बैल स्थिर राहिला नाही, तो मागचा धूर म्हणजे बैलच; आणि त्याची घसरलेली झूल मालकानं स्वतः पांघरली असावी. किसनराव भिंगातून एकदा हा, एकदा तो फोटो बघत राहिले. शांता दाराआड उभी होती.

नामदेवरावांची म्हातारी आई, काशीमाय, कोपऱ्यात वाती वळत होती. तिच्या हातातली वात तशीच राहिली.

"सासरे मरेपर्यंत म्हणत, 'फोटोत आम्ही दोघं हाओत.' आमाले वाटे, म्हाताऱ्याले भरम झाला. एकटाच तं हाये."

"माय, मंग काऊन नाही सांगतलं इतके दिवस?" नामदेवराव जवळजवळ ओरडले.

"मले इचारलं कोणं? अन् मी तं कधी तो फोटो नीट पाह्यलाच नाही. सासऱ्यासमोर मान वर करते काय कोणी?"

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा फोटो हातात घेतला. सासऱ्याच्या तोंडावरून नजर खाली वळवली आणि मागच्या धुरावर बोट फिरवलं.

किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "बैलाला पाठ दाखवणाऱ्या घरात सोयरीक करायची नाही, असं माझा बाप सांगायचा," ते म्हणाले. "या घरानं तर बैलाची झूल अंगावर घेतली. सुपारी आणा."

आतून बांगड्या वाजल्या. दत्ताभाऊ डोळे पुसत होते. मीही पुसत होतो, उगाच कशाला लपवू?

*

लग्नात फोटो काढायला आम्हीच. नवरदेवाच्या अंगावर तोच काळा कोट, पाठीला टाचण्या! सगळं वऱ्हाड ओळीत उभं केलं. भाऊ कापडाखाली शिरणार, तेवढ्यात किसनराव "थांबा" म्हणून गोठ्याकडं गेले आणि नामदेवरावांचा बैल सोडून घेऊन आले. त्याला नवरा-नवरीच्या मागं उभं केलं.

दत्ताभाऊ म्हणाले, "किसनराव, तो हलेल. फोटोत धूर येईल."

"येऊ द्या," किसनराव टोपी सारखी करत म्हणाले. "आमच्यातलं कोणी ना कोणी ओळखंल त्याला."